आमची न फुटलेली बोडी

आमच्या डोमाजी मामाजींची बोडी सात वर्षांपूर्वी, भाद्रपदात, एका बुधवारी सकाळी पावणेबारा वाजता फुटली.

असं काही झालेलं नाही. बोडी फुटलेली नाही, तिला भेग पडलेली नाही, तिच्याविषयी कोणाची तक्रारही नाही. तसा पंचनामा आहे. त्यावर सतरा सह्या आणि सहा अंगठे आहेत, चौथी सही माझी. त्यामुळे पुढे जे सांगतो ते घडलेलं नाही, हे लक्षात ठेवून वाचावं.

त्या बुधवारी सकाळी नऊ वाजता मी आणि मामाजी सलंगीच्या तोंडाशी कमरेभर पाण्यात उभे होतो. दोघांच्या हातात दाताळी. दोन दिवसांपासून पाऊस थांबला नव्हता.

"ओढ," मामाजी म्हणाले.

"ओढून रायलो."

"जोर लाव."

"जोर संपला, मामाजी. आता नुसता हात लावून हावो."

दाताळ्याला कमळाच्या वेलींचा हा एवढा भारा लागून आला. तो काठावर फेकून वळेपर्यंत जाळीवर दुसरा भारा बसलेला. त्यात बेशरमाच्या फांद्या, पळसाची पानं, कोणाची तरी एक चप्पल.

बोडी म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं खासगी धरण. मोठा तो तलाव, तो सरकारचा. लहान ती बोडी, ती ज्याच्या शेतात असेल त्याची. टेकडीवरून येणारं पाणी मातीची पाळ घालून अडवायचं आणि आश्विनात धान पोटरीला आलं, लोंबी फुटायला आली, की तुडुमातून सोडायचं. तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातून काढलेली पाण्याची वाट. जास्तीच्या पाण्यासाठी पाळीच्या टोकाला, कडक मुरमावर, एक उघडी वाट ठेवलेली असते, ती सलंग. एवढं कळलं की धरणाचं शास्त्र संपलं. आमच्या पूर्वजांनी एवढ्यावर कित्येक पिढ्या काढल्या. बिघाड झाला तो मी आयटीआय केल्यावर.

त्याचं असं आहे की, आमच्या गावात एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, म्हणून सगळे पाळतात. बोडीत आहे तोवर मासा मालकाचा. सलंगीवरून पलीकडे पडला की गावाचा. त्यामुळे सलंग वाहू लागली की गाव टोपल्या घेऊन पलीकडे बसतं आणि मालक अलीकडे बांबूचा तट्टा लावून बसतो. पाणी जातं, मासा राहतो, गाव मालकाला शिव्या देत घरी जातं. सगळं कसं सुरळीत.

मग एका पुरात राखणदाराने तट्टा काढला. राखणदार म्हणजे सोमा दिघोरे. जातीने धीवर, पाण्यातला माणूस. त्याच्या बापाने ही बोडी राखली होती, त्याने स्वतः बत्तीस वर्षं राखली. त्या दिवशी मामाजी लाखनीला लग्नाला गेलेले. परत आले तर त्यांचा सगळा रोहू-कतला गावाच्या कढयांत. मामाजींनी भर चौकात सोमाला चोर म्हटलं. सोमाने तुडुमाचं तोंड बंद करायचा खुंटा मामाजींच्या उंबऱ्यावर ठेवला आणि तो घरी गेला. त्याचं घर पाळीच्या अगदी खाली, टोलीच्या, म्हणजे खालच्या वस्तीच्या, अकरा घरांतलं पहिलं. मामाजींच्या पाळीवरून हाक मारली तर ऐकू जाईल इतकं. नऊ वर्षं कोणी मारली नाही.

मी वेल्डर झालो तेव्हा मामाजी म्हणाले, "लोकेश, सलंगीले अशी जाळी बसव की कोनाच्या बापाले निघाली नाई पायजे."

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं काम. मी सोळा एमएमची सळी घेतली. चार बोटांवर एक सळी, दुहेरी वेल्डिंग, चारी बाजू सिमेंटात. वरच्या पट्टीवर वेल्डिंगनेच नाव काढलं: लोकेश कापगते. त्या बुधवारी पाणी माझ्या आडनावापर्यंत आलं होतं.

"मामाजी," मी म्हणालो, "पाळ अजून किती उरली?"

त्यांनी पाळीकडे पाहिलं. पाण्यापासून पाळीच्या माथ्यापर्यंत वीतभर माती दिसत होती. पहाटे हातभर होती.

"पुष्कळ हाये," ते म्हणाले. "ओढ."

तेवढ्यात पाळीवरून पारबताकाकी आली. पारबताकाकी म्हणजे सोमाची बायको. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, हातात काही नाही. ती मामाजींशी बोलायची, कारण भांडण नवऱ्यांचं होतं आणि तिला ते मंजूर नव्हतं.

"पाटील, तुमचं पानी माह्या चुलीत येऊन रायलं."

मामाजींनी दाताळं थांबवलं नाही. "पाऊस हाये, पारबते. पानी सगळ्याईच्या चुलीत हाये."

"पाऊस वरतून येते. हे खालतून येते. राख तरंगून रायली माही."

"जमीन मुरली असंल."

"मले मुरल्याचं नोका सांगू. धीवराची पोर हावो मी." मग ती माझ्याकडे वळली. "अन् तू कायले दात काढून रायला, बाबू?"

मी दात काढत नव्हतो. माझा चेहरा तसा आहे. शाळेत हजेरीला 'उपस्थित' म्हटलं तरी गुरुजी मारायचे.

मामाजी म्हणाले, "जा, पाहून ये. नाई तं हे बाई जेवू देनार नाई."

मी पाळ उतरून खाली गेलो. सोमाबाबा खाटेवर पडलेले. दोन वर्षांपूर्वी गाईने धडक दिली तेव्हा त्यांचा खुबा मोडला होता, तेव्हापासून खाट हेच त्यांचं गाव.

"कोन?"

"मी. लोकेश."

"गंमत करायले आला असशील तं परत जा. हासलो की कंबर दुखते."

चुलीत खरंच पाणी होतं. आणि ते साचलेलं नव्हतं. खालून बुडबुडा यायचा, राख थोडी सरकायची, पुन्हा बुडबुडा.

"पानी कसं हाये?" सोमाबाबांनी विचारलं.

"ओलं हाये," मी म्हणालो.

सवय होती. तोंडातून निघून गेलं. सोमाबाबा रागावले नाहीत. ते माझ्याकडे नुसते पाहत राहिले, आजारी बैलाकडे पाहावं तसे, आणि मला पहिल्यांदाच माझा जोक अख्खा ऐकू आला.

"फळीवरचा गिलास घे," ते म्हणाले. "पाळीच्या पायथ्याले जा, तुडुमाच्या डाव्या अंगाले. जितून पानी निघून रायलं असंल तितून भरून आन. चुलीतलं नोको, त्याच्यात राख हाये."

मी गेलो. गवत बाजूला केलं. मनगटाएवढा झरा होता आणि त्याच्याभोवती बारीक मातीचं कडं साचलं होतं, मुंग्यांच्या वारुळाला असतं तसं. गिलास भरला, आणून त्यांच्या हातात दिला. स्टीलचा गिलास, त्यावर 'चि. सौ. कां. मंगला हिच्या विवाहाप्रीत्यर्थ' असं कोरलेलं. सोमाबाबांनी तो दाराच्या उजेडाकडे धरला आणि वाट पाहिली. मीही पाहिली. पारबताकाकी दारात येऊन उभी राहिली. मग त्यांनी गिलास तिरपा करून पाणी हळूच ओतून दिलं. तळाशी बोटाच्या पेराएवढी पिवळी माती बसली होती.

"निवळ पानी आलं तं भ्यायचं नाई," ते म्हणाले. "पाळ पाझरतेच. म्हाताऱ्याचा डोळा पाझरते तशी. पन गढूळ आलं म्हंजे पानी पाळीचं पोट खाऊन रायलं. किती वाजले?"

"सव्वादहा."

"पारबते, आज बाराचं जेवन इथं नोको मांडू."

मी विचारलं, "मंग काय करायचं?"

"तुडुमानं पुरनार नाई. सलंग मोकळी कर. पानी हातभर उतरलं तं पाळ वाचंल. पाळ नाई वाचली तं तेवढ्या वेळात मानसं वर निघतील." मग त्यांना आठवलं. "सलंगीले तुही जाळी हाये ना?"

"हाव."

"लय मजबूत हाये म्हनते."

"हाव."

"वा," सोमाबाबा म्हणाले.

मी गिलास घेऊन निघालो आणि आधी टोलीत शिरलो. अकरा घरं. इथे एक गोष्ट सांगायची राहिली. बारा दिवसांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, मी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून 'बोडी फुटली, बोडी फुटली' असं जाहीर केलं होतं. मारबतीच्या दिवशी इडापिडा गावाबाहेर घालवायची असते. मी गावच बाहेर घालवलं. अख्खी टोली टेकडीवर चढली. मनोहर वलथरे टीव्ही डोक्यावर घेऊन धावला, वायरीसकट, आणि दोन दिवस त्याची मान वळत नव्हती.

तर मी पहिल्यांदा मनोहरच्याच दारात गेलो.

"मनोहरभाऊ, बोडी फुटून रायली. घर खाली करा."

मनोहर आतून तंबाखूचा खर्रा घोटत बाहेर आला. "फुटली का फुटनार हाये?"

"फुटनार हाये."

"मंग फुटल्यावर सांग."

"हे पाय, गिलासात माती हाये."

"माह्याबी गिलासात हाये. बोअरिंगचं पानी तसंच येते." त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पाय, पाय, कसा दात काढून रायला."

पुढच्या घरात एका काकूने मला मान हलवत सांगितलं की, मारबत झाली, बाबू, आता पुढच्या वर्षी. त्याच्या पुढच्या घरातल्या आजीने खोटं बोलणाऱ्या माणसाचं काय झालं याची गोष्ट सुरू केली. अकराव्या घरापर्यंत मी हात जोडत होतो आणि लोक म्हणत होते, पोरगा नाटकात पाहिजे होता.

मी पळत वर गेलो. मामाजींच्या हातात गिलास दिला. त्यांनी तळाशी बोट घातलं, माती अंगठ्यावर चोळली.

"कोन म्हनलं?"

"सोमाबाबा."

मामाजींनी एवढंच विचारलं. मग दाताळं फेकून दिलं. "घन आन."

घन त्यांनी स्वतः चालवला. बासष्ट वर्षांचा माणूस, पाणी छातीला, वरून पाऊस. जाळीवर घाव बसला की सगळी सलंग वाजायची. छान वाजायची. मी मोजले, एकवीस घाव. सळी वाकली नाही, टाका निघाला नाही, सिमेंटातून एक कपचा उडाला तो माझ्या कपाळाला लागला.

"ग्राइंडर?" मामाजींनी विचारलं.

"लाइन परवापासून गेली."

"करवत?"

"सोळा एमएम हाये. एक सळी कापाले अर्धा तास. सळ्या बावीस."

मामाजी घनावर टेकून उभे राहिले. धाप लागलेली. "कशी बसवली बे तू हे?"

"तुम्ही सांगतली तशी."

माझं ते एकच काम आहे ज्याच्याविषयी आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

पाळीचा माथा आता चार बोटं उरला होता. पाळीवरून वाऱ्याने एक लाट पलीकडे पडली, मग दुसरी. मामाजींनी जाळीकडे पाहिलं, मग जाळीच्या बाजूच्या मुरमाकडे. मग म्हणाले, "कुदळ आन. जाळी राहू दे जागी. बाजूनं वाट काढू."

"बाजूनं काढली तं तिथं जाळी नाई. मासा जाईल."

"मले मालूम हाये."

"सगळा जाईल, मामाजी."

कुदळ त्यांच्या डोक्याच्या वर होती. ती तिथेच थांबली. नऊ वर्षं या माणसाने सलंगीवरून एक बोटभर मासा जाऊ दिला नव्हता. घरी पाहुणे आले तरी आमच्याकडे वांगी व्हायची. मला वाटलं, कुदळ आता खाली येणार ती जमिनीवर टेकवायला.

ती मुरमात गेली. मग मी फावडं घेतलं. अर्ध्या तासात हातभर रुंद चर निघाला, आणि पाणी त्यात शिरल्यावर मग आम्हाला फारसं काही करावं लागलं नाही. पाण्याने स्वतःच कड खायला घेतली. हाताचा चर पुरुषभर झाला. पहिला कतला माझ्या मांडीएवढा होता. तो माझ्या गुडघ्याला घासून, वळून एकदा जाळीकडे पाहून, पलीकडे गेला.

मी टोलीला हाक मारली नाही. गरज नव्हती. आमच्या गावाचा भोंग्यावर विश्वास नाही, पण सलंगीवरून मासा पडल्याची बातमी कोणालाही कोणी सांगावी लागत नाही. पाच मिनिटांत पहिली टोपली आली. मग मच्छरदाणी, मग घमेलं, मग दोन जणी लुगडं ताणून. म्हातारे आले, लेकुरवाळ्या कडेवर लेकरं घेऊन आल्या, मनोहर वलथरे एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात टीव्हीचं रिकामं खोकं घेऊन आला. अकरा घरांना जे गिलासभर मातीने पटलं नाही ते एका रोहूने पटवलं. सलंगीचा खडक टोलीपेक्षा उंच, तिचं पाणी टोलीपासून लांब नाल्यात जाणारं. सगळी टोली सुखरूप जागी, गुडघाभर पाण्यात, भांडत उभी होती.

मी माणसं मोजली. मग पुन्हा मोजली.

त्याच वेळी खालून पारबताकाकीचा आवाज आला. ती घराच्या दारात उभी होती, दोन्ही हात वर करून.

"अरे, खाटेले कोनी या रे. मेल्यावर चार येतात. जितेपनी एक नाई का रे टोलीत?"

नव्हता. टोली रिकामी करण्यात मी इतका यशस्वी झालो होतो की खाट उचलायला खाली माणूसच उरला नव्हता. मी मनोहरला हाक मारली. तो पाण्याच्या आवाजात, बादलीत डोकं घालून. मामाजींनी कुदळ टाकली आणि पाळीवरून उतरायला लागले. मी मागे.

नऊ वर्षांनी मामाजी त्या उंबऱ्याशी आले आणि एक क्षण थबकले, जसं कोणी आत या म्हणायची वाट पाहावी.

सोमाबाबा खाटेवरून म्हणाले, "पाटील आले. पारबते, चहा मांड."

"चूल बुडाली," काकी म्हणाली.

"बरं. मंग राहू दे."

मामाजी म्हणाले, "सोमा, चाल."

"चालता आलं असतं तं केव्हाच वर आलो असतो. माशाचा वास अर्ध्या तासापासून येऊन रायला."

मामाजींनी पायाकडची बाजू धरली, मी डोक्याकडची. काकीने मधे एका बाजूने हात लावला. खाट सागवानी होती, सोमाबाबा नव्हते, तरी जड लागले. वर जायची पायवाट आधी पाळीच्या पायथ्याने शंभर पावलं जायची, मग चढायची. दुसरी वाट नव्हती. म्हणजे त्या झऱ्याच्या अंगावरून जायचं होतं.

झरा आता मनगटाएवढा नव्हता. मांडीएवढा होता, ताकात हळद कालवावी तसा, आणि त्याच्या वरची पाळ बसकी झाली होती. पाळीवरचं गवत उभं होतं तसंच्या तसं खाली सरकत होतं. माझी पावलं आपोआप मोठी व्हायला लागली आणि खाट हिंदकळली.

"हळू," सोमाबाबा म्हणाले. "घाईनं पाय घसरते. पाळीले तुही घाई नाई."

आम्ही झऱ्याजवळ आलो. चिखल घोट्याच्या वर. सोमाबाबांनी मान वळवून भोकाकडे पाहिलं, ओळखीचं माणूस बाजारात दिसावं तसं.

"त्या सालीबी इथंच झालतं," ते म्हणाले. "एवढंच भोक होतं. तट्टा काढला, पानी हातभर उतरलं, मंग मी अन् पारबतेनं एकवीस पोती माती भरली इथं. पोती अजून असतील आतमधी."

मामाजी थांबले. मधोमध, भोकाच्या समोर. खाट थांबली.

"सांगतलं कायले नाई?"

"तू पुसलं नाई. चोर म्हनलास. चोराले कोनी पुसते का, कावून नेलं?"

"मामाजी," मी म्हणालो, "चाला."

मामाजी चालले. दहा पावलं. पंधरा. चढ लागला. मला पुढे त्यांची पाठ दिसत होती आणि त्यांच्या मानेवरून पाणी वाहत होतं. ते पावसाचं होतं. मी तसं धरून चाललो आहे.

"सोमा," शेवटी ते म्हणाले.

"हं."

"पाय आत घे. झाडाले लागते."

सोमाबाबांनी पाय आत घेतला.

आम्ही खडकावर पोहोचून खाट टेकवली. आवाज त्यानंतर झाला. मोठा नव्हता. म्हशीने चिखलातून पाय उपसावा तेवढाच. मग तुडुमाच्या वरची पाळ आत वाकली, तिथून आकाश दिसलं, आणि त्या आकाशातून पाणी आलं. पहिलं घर गेलं ते भिंती पडून नाही. ते उभ्याउभ्याच थोडं पुढे चाललं. मग बसलं. त्यामागे चार घरं. माझ्या घड्याळात पावणेबारा वाजले होते.

सगळी टोली हातात मासे धरून उभी होती. एका टोपलीतला रोहू शेपटी आपटत होता, तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

मी मनोहर वलथरेच्या शेजारी गेलो. "मनोहरभाऊ, फुटली."

"हाव," तो म्हणाला. "दिसली."

पारबताकाकीने आपलं घर होतं तिकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माहा गिलास कोठं हाये?"

तो माझ्या पँटच्या खिशात होता. मी दिला. त्या घरातून एक नवरा, एक खाट आणि तो गिलास, एवढं वाचलं. तिने तो पदराने पुसला.

तिसऱ्या दिवशी तलाठी आले, त्यांच्याबरोबर एक साहेब. शाळेच्या वऱ्हांड्यात बसले. साहेब भला माणूस होता. त्याने आधीच समजावून सांगितलं. पावसाने घर पडलं तर सरकार नवं घर देतं. खासगी बोडी फुटून पडलं तर ते मालकाने पाहायचं, आणि सलंगीला पक्की जाळी मारणाऱ्या मालकाला पोलीस पाहतात. जाळी मारणाऱ्या वेल्डरविषयी तो काही बोलला नाही. मी मागच्या रांगेत बसलो.

"तर," साहेबांनी पेन उघडलं, "बोडी फुटली का?"

मामाजी उठले. "फुटली, साहेब. माही चूक—"

"पाटलाले ताप हाये," सोमाबाबा खाटेवरून म्हणाले. खाट वऱ्हांड्यात आणली होती. या वेळी उचलायला आठ जण होते. "बरळून रायले. कोनती बोडी, साहेब?"

साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. मनोहर म्हणाला, पाऊस फार होता. आजी म्हणाली, असा पाऊस तिने पाहिला नाही. मग सह्या झाल्या. सहावा अंगठा सोमाबाबांचा. मामाजींची सही सगळ्यांत शेवटी आणि वाकडी आहे. त्यांना ताप होता, असं कंसात लिहिलेलं आहे.

पाच घरं वर, टेकडीच्या अंगाला झाली. चांगली झाली. दाराच्या चौकटी मी बसवल्या, एकेरी वेल्डिंगने, निघतील अशा.

फक्त एक अडचण राहिली. फुटलेली बोडी दुरुस्त करायला योजना आहे. न फुटलेल्या बोडीला नाही. आमची बोडी दरवर्षी पंधरा सप्टेंबरला तालुक्याच्या रजिस्टरात शंभर टक्के भरते. मधे दुष्काळ पडला त्या वर्षीही भरली. तालुक्यात तेवढी एकच भरली होती, म्हणून तिचं कौतुकही झालं. खाली धान आश्विनात पोटरीला येतं, एका पाण्यासाठी मान टाकतं, आणि पाळीच्या खिंडारातून पलीकडे गुरं चरताना दिसतात.

त्याच्या पुढच्या आखाडीला, म्हणजे आषाढातल्या सणाला, मामाजी तुडुमाचा खुंटा घेऊन सोमाबाबांच्या नव्या घरी गेले आणि उंबऱ्यावर ठेवला. आता सोमाबाबा काठी टेकत चालतात, आणि पावसाळ्यात रोज उरलेल्या पाळीच्या टोकाला, माझ्या जाळीला पाठ टेकून बसतात. जाळी अजून आहे.

मी एकदा विचारलं, "बाबा, काय राखता?"

"पानी."

"कोठं हाये पानी?"

"कागदावर," ते म्हणाले. "चोरी तिथंच जास्त होते."

म्हणून मी दरवर्षी आश्विन लागला की एक अर्ज करतो. या वर्षीचा कालच दिला, पोच घेतली. शेवटचा परिच्छेद असा:

'तरी महोदयांस विनंती की, मौजे मजकूर येथील श्री. डोमाजी पुस्तोडे यांच्या मालकीच्या, न फुटलेल्या बोडीत आपल्या नोंदीप्रमाणे गेली सात वर्षे शंभर टक्के साठून असलेल्या पाण्यापैकी निदान एका ओलितापुरते पाणी चालू महिन्यात प्रत्यक्ष सोडण्यात यावे. आणि सोडण्यापूर्वी एक दिवस अगोदर बोडीचे राखणदार श्री. सोमा दिघोरे यांना लेखी कळविण्यात यावे. त्यांना पाळीवरून उतरण्यास वेळ लागतो, व पाणी निवळ आहे की गढूळ, हे पाहिल्याखेरीज ते उतरणार नाहीत.'